सात नंबर घरी गेली

इथल्या फार्मसिस्टच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. लेखीत नाही, तोंडीत. समोर एक खोटा पेशंट आणून बसवतात आणि त्याच्याशी तुम्ही कसं बोलता ते बघतात. दोन्ही वेळा माझ्या कागदावर एकच शेरा होता : ज्ञान उत्तम, पण बोलणं फार थेट. आता पुण्यात बावीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिलेली बाई आणखी कशी बोलणार? ही गोळी जेवणानंतर, ही झोपताना, आणि ही शेजारणीनं सांगितली म्हणून खाऊ नका, एवढंच मी जन्मभर लोकांना सांगत आले. तिसऱ्यांदा बसायची हौस राहिली नाही. नवरा कंप्युटरवाला, त्याचं इथे झकास चाललं होतं. तो म्हणाला, 'बस की घरी आरामात.' मी घरी आरामात बसले असते तर दोन महिन्यांत आमचं लग्न मोडलं असतं, म्हणून मी मेट्रन झाले.

आम्ही राहतो अप्पर हटला, ऑकलंड ज्या बेटावर आहे त्याच्या पार खालच्या टोकाला. तिथून गाडीनं पाऊण तासावर मुलींची एक जुनी निवासी शाळा आहे. जुनी म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, आणि हे इथे फारच जुनं समजतात. आमच्या पेठेतल्या गिरणीवाल्याची पाटी याहून जुनी होती आणि तो तिच्यावर टॉवेल वाळत घालायचा, पण हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. लाकडी इमारत, पाय टाकला की कुरकुरणारी जमीन, जिन्यावर संस्थापक बाईंचं भलंमोठं तैलचित्र. वर साठ मुली राहतात. मेट्रनचं काम म्हणजे या साठ जणींचं सगळं बघायचं, फक्त अभ्यास सोडून. कुणाचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, हरवले, कुणाची एकच जँडल, म्हणजे रबरी चप्पल, सापडली, कुणाच्या पोटात दुखतंय आणि कुणाच्या पोटात फक्त गणिताच्या तासाला दुखतंय. हे शेवटचं ओळखण्यात माझा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक मराठी मुलगी आली. तेरा वर्षांची. वडील दक्षिण बेटावरच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. आई आदल्या वर्षी कॅन्सरनं गेलेली. तिला सोडायला आले तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, 'ताई, तुम्ही आहात म्हणून इथे ठेवतोय. घरी कोणी नसतं हो. थोडे दिवस जड जाईल तिला, मग सेटल होईल.' मी म्हटलं, 'होईल की. सगळ्या होतात.' मला काय कप्पाळ माहीत होतं? पण अशा वेळी असंच म्हणतात.

मुलगी इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. चारचौघांत मला मेट्रन म्हणायची, आम्ही दोघीच असलो की मावशी. तिचा काही त्रास नव्हता. तिला फक्त घरी जायचं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला, बँकेत चौकशी करावी इतक्या शांतपणे, विचारलं की मुलीला घरी परत पाठवतात ते कशाकशासाठी. मी म्हटलं, 'कशासाठी नाही. टर्म संपली की सगळ्याच जातात.' ती म्हणाली, 'मी नाही. मी काकाकडे जाते.' खरं होतं ते. सुट्टी लागली की तिची रवानगी ऑकलंडला, माउंट रॉस्किलला काकांच्या घरी व्हायची. आई गेल्यापासून आपल्या स्वतःच्या घरात ती राहिलीच नव्हती. दर रविवारी वडिलांचा फोन यायचा. 'जेवलीस?' 'यप.' 'नीट जेवतेस ना?' 'हीप्स, बाबा.' म्हणजे भरपूर. 'अभ्यास?' 'गुड.' पाच-सहा मिनिटांत बापलेकीचा कारभार आटपायचा.

त्याच सुमारास शाळेच्या मोठ्या वाढदिवसाची तयारी सुरू झाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रिन्सिपलनी, मला ऑफिसात बोलावलं. शाळेच्या अगदी पहिल्या मेट्रनच्या रोजच्या वह्या माळ्यावर सापडल्या होत्या आणि तिचं अक्षर कुणाला म्हणजे कुणाला लागत नव्हतं. 'तुम्ही फार्मसिस्ट ना?' बाई म्हणाल्या. 'म्हणजे डॉक्टरांचं अक्षर वाचता?' माझ्या पदवीची या देशात कुणी तरी दखल घेतली ती ही अशी. काम एवढंच होतं की वह्या वाचायच्या, त्यातली एखादी मुलगी निवडायची आणि दर्शनी हॉलमधल्या फलकासाठी तिची गोष्ट थोडक्यात लिहून द्यायची.

शाळा सुटली की मी शिवणाच्या खोलीत वह्या घेऊन बसायची. ती मुलगी गृहपाठाच्या निमित्तानं येऊन समोर बसायची. मी इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगायची, ती मराठी ऐकून इंग्रजीत प्रश्न विचारायची. आमचं बरं जमलं.

ती पहिली मेट्रन मला पहिल्या पानापासून आवडली. बाई एक शब्द जास्तीचा लिहायची नाही. 'सोमवार. डोकी धुतली. वारा.' 'मंगळवार. सगळ्यांना एरंडेल.' शनिवारी अंघोळ, एका पाण्यात तिघी. रविवारी दोन-दोनच्या रांगेनं चर्च, चिखल असला तरी. घरी पाठवायची पत्रं आधी बाईंना दाखवायची, आणि पत्रात रडगाणं असलं तर पुन्हा लिहायची. जेवायला मटण, थंड मटण, मटणाचं पाणी, आणि रविवारी चैन म्हणून गरम मटण. मुलींची नावं ती लिहायचीच नाही, खाटेचा नंबर लिहायची. चारला खोकला. अकरानं मोजा हरवला. एकोणीस उद्धट. मला तर वाटलं, ही आमच्या पेठेतलीच कुणी तरी.

आणि मग सात नंबर आली. घोड्यावरून, मग बोटीनं, मग सामानाच्या गाडीतून, असा चार दिवसांचा प्रवास करून. आई नव्हती तिला. 'सातनं पेटी उघडली नाही.' 'सात मटण खात नाही. तेच ताट रात्री पुन्हा वाढलं.' 'सात म्हणते घरी जायचं. म्हटलं, सगळ्यांनाच जायचंय.' पुढे रोज एक ओळ सातची. आमची मुलगी दारातून आत आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, 'सातनं आज काय केलं?' मी सांगायची, आज पण नाही जेवली. आज आरारुटाची खीर, दोन चमचे. आज बिछान्यातून उठली नाही. आज घसा, ताप. मुलगी गालावर हात ठेवून ऐकायची. आपल्या बाजूचा गडी सामन्यात टिकून आहे, अशी तिची मुद्रा असायची, आणि खरं सांगायचं तर माझीही.

सहा आठवड्यांनी ती ओळ आली. 'सात घरी गेली. खाट धुतली, गादी जाळली.'

आम्ही दोघी ओरडलोच. जिंकली की हो पोरगी! मी कपाटातून पुण्याचा चिवडा काढला, बशीत वगैरे घेत बसलो नाही, डब्यातूनच खाल्ला. गादी जाळली याचं तर मला फारच कौतुक वाटलं. काय टापटिपीची बाई, म्हटलं, मुलगी घराकडे निघाली की लगेच गादी बदलते. नाही तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या गाद्या बघा. मुलगी चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली, 'सो इट वर्क्ड.' मी म्हटलं, 'वर्क्ड तर काय!' आणि आणखी चिवडा घेतला.

फलकावर मी इंग्रजीत लिहिलं : सहा आठवडे सात नंबर जेवली नाही. शेवटी तिच्या मनासारखं झालं. ती घरी गेली.

फलक भलताच गाजला. मोठ्या बाई म्हणाल्या, किती संयमानं लिहिलंय. समारंभाला जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, त्यातल्या एक मोत्यांची माळ घातलेल्या आजी फलकासमोर उभ्या राहून रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, 'अहो, रडता काय? शेवट किती चांगला झाला तिचा!' त्यांनी मला मिठी मारली आणि आणखीनच रडल्या. मला वाटलं, लेखणीत ताकद आहे आपल्या. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

त्यानंतर वरच्या मजल्यावर उवा झाल्या. साठ डोकी आणि एक मी. पुढचे दोन-तीन आठवडे मी कंगवा आणि औषध घेऊन फिरत होते, दुसऱ्या कशाकडे बघायला फुरसत नव्हती. उवांचं आटोपून धुण्याचे कपडे निवडत होते तर त्या मुलीच्या स्कर्टला कमरेपाशी सेफ्टी पिन सापडली. दुसऱ्या स्कर्टला दोन. तिला गाठलं. 'जेवतेस ना गं?' 'स्वीट ॲज, मेट्रन.' म्हणजे इथल्या पोरींच्या भाषेत झकास. मेट्रन म्हणाली, आणि आजूबाजूला तर कोणी नव्हतं. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्या दिवशी मी जेवणघरात खांबाआड उभी राहिले. पोरगी काट्यानं बटाटा इकडून तिकडे नेत होती, तिकडून इकडे आणत होती, शेजारणीशी हसून बोलत होती, आणि तोंडात एक कण गेला नाही.

शाळेची पद्धत असते. डॉक्टरीण आली, वजन केलं, आकडा बघून तिनं भुवया उंचावल्या. मीटिंग झाली. किशोरवय, दुःख, जुळवून घेणं, असं बरंच बोलणं झालं आणि मुलीला 'निरीक्षणाखाली' ठेवायचं ठरलं. म्हणजे ती जेवत नाही हे मी एकटी बघत होते, ते आता सगळ्यांनी मिळून बघायचं. वडिलांना एक हळुवार ईमेल गेला. त्यांचं हळुवार उत्तर आलं. मी घरून वरणभात केला, वर लिंबू, तूप, आणि डबा घेऊन तिच्यासमोर बसले. ती म्हणाली, 'लुक्स यम, मावशी,' आणि झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. वरणभाताला नाही म्हणणारं मराठी लेकरू मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना आणखी एक फलक हवा होता, जुन्या काळच्या अंघोळीवर. मी वही पुन्हा उघडली आणि अंघोळी शोधत पुढची पानं चाळायला लागले. सात घरी गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात एक नोंद होती. 'सातचे वडील गाडी घेऊन आले. नदीला पूर म्हणून सहा दिवस उशीर. त्यांना तिचा केसांचा ब्रश आणि बूट दिले.'

मी म्हटलं, हे काय? मुलगी घरी गेलीय तर बाप कशाला येतोय? आणि बूट इथे कसे? अनवाणी गेली? मी तीनदा वाचलं. मग मागचं पान काढलं. घसा, ताप, गादी जाळली. मी फार्मसिस्ट! गादी कधी जाळतात हे मला कळू नये? पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी त्या दिवशी डब्यातून चिवडा खाल्ला होता.

वास्तविक मला तर हे पटकन समजायला हवं होतं. आमच्या भाषेत कोणी सरळ मरत नाही. माणूस जातो, देवाघरी जातो, त्याची सुटका होते. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दुकान बंद करत नाही, तेही वाढवतो. घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हटलं तर आई मागे बोलावून 'येते म्हण' म्हणायची. अशा घरात वाढलेली बाई मी, पण इंग्रजी म्हणजे माझ्या लेखी डॉक्टरांच्या चिठ्ठीची भाषा. दिवसातून दोनदा म्हणजे दोनदाच. चिठ्ठीत लिहिलेल्याचा दुसरा अर्थ निघत नाही, निघाला तर पेशंट दगावतो. इंग्रजांच्यातही मेलेल्या माणसाला 'घरी गेला' म्हणत असतील, असं माझ्या टाळक्यातच आलं नाही.

मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, 'फलक काढा, माझी चूक झाली, ती मुलगी मेली होती.' बाई गोंधळल्या. म्हणाल्या, 'हो, अर्थात. ते सगळ्यांनाच कळलं. म्हणून तर तो इतका सुंदर आहे.' म्हणजे त्या आजींना कळलं होतं, बाईंना कळलं होतं, समारंभात केक वाटणाऱ्या मंडळींना कळलं होतं. बाकीच्या मुली तर फलक वाचतच नाहीत. त्या अख्ख्या इमारतीत सात नंबर खरोखर घरी गेली असं मानणाऱ्या दोघीच होत्या. एक मी. आणि दुसरी आठवली तशी मी बाईंना तिथेच सोडून धावत निघाले.

ती आजाऱ्यांच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती. दुपारची वेळ, बाहेर हॉकीचा आरडाओरडा चाललेला. मी दार लावलं आणि विचारलं, 'का जेवत नाहीस? मला थापा मारू नकोस.'

तिनं माझ्याकडे बघितलं. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. इंग्रजीत म्हणाली, 'चार आठवडे झाले माझे. सातला सहा लागले. अजून दोन, मग तुम्हाला मला घरी पाठवावंच लागेल.'

मी पलंगावर टेकले. आणि जन्मभर थेट बोलण्याबद्दल बोलणी खाल्लेल्या, दोनदा नापास झालेल्या माझ्या तोंडून काय निघावं? 'अगं, सात म्हणजे... ती देवाघरी गेली गं.'

'हूज हाउस?' ती म्हणाली.

'अगं, म्हणजे सुटली ती.'

तिचा चेहरा एकदम बदलला. 'डोन्ट,' ती म्हणाली. मग भडाभडा बोलायला लागली, सगळं इंग्रजीत, मधला तेवढा एक शब्द मराठी. पुण्याहून ज्याचा फोन आला तो हेच म्हणाला, सुटली. आजी म्हणाली, काकू म्हणाली, सुटली बिचारी. शाळा सुटते तशी. बाबा तर म्हणाले, आई आता नाही. आता नाही, म्हणजे मग केव्हा? 'मी काही बावळट नाही,' ती म्हणाली. 'फ्युनरलला मी होते. मला माहितीये. पण कुणीच तो शब्द बोललं नाही, म्हणून मीपण नाही बोलले. तुम्ही लोक सरळ का नाही सांगत?'

मला स्वतःची शरम वाटली, अगदी मनापासून. आमच्याकडे 'मेली' म्हणतात ते बाई जिवंत असताना, शिवी म्हणून. खरोखर मेली की तो शब्द कोणी काढत नाही. मी तिचे दोन्ही हात धरले. बर्फासारखे गार होते. मी म्हटलं, 'मेली. सात नंबर मेली. घसा बिघडला, ताप चढला, आणि पोटात अन्न नव्हतं म्हणून अंगात ताकद उरली नव्हती. घरी नाही पोचली ती. तिचा बाप आला तेव्हा त्याला तिचा ब्रश आणि बूट दिले. मी चुकीचं वाचलं आणि तुला चुकीचं सांगितलं. आणि तुझी आई मेली. ती आता येणार नाही, नंतरही येणार नाही.'

तिनं हंबरडा फोडला. हॉकीवाल्या मुली खेळायच्या थांबल्या असतील असा. मीही रडले, कोण बघतंय ते न बघता. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याच पदराला, म्हणजे कार्डिगनला, नाक पुसलं. मी गरम दुधात मायलो करून आणला, तो तिनं अर्धा कप प्यायला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर कप खाली ठेवून म्हणते कशी, 'आय स्टिल वॉन्ट टु गो होम.'

म्हणजे उपास सुटला होता, मागणी सुटली नव्हती. आणि ही पोरगी हट्टाची किती पक्की आहे ते त्या चार आठवड्यांत दिसलंच होतं. मी शाळेची पद्धत बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना सरळ फोन लावला. म्हटलं, तुमची मुलगी महिनाभर जेवलेली नाही, तिला घरी यायचंय, तुम्ही या. ते म्हणाले, 'शनिवारी बघतो, ताई. रोस्टर आहे, फेरीबोटीचं बुकिंग मिळायला पाहिजे...'

'आज मंगळवार आहे,' मी म्हटलं. 'इथे पूर्वी एका बापाला सहा दिवस उशीर झाला होता. त्याच्या वाटेत नदीला पूर होता. तुमच्या वाटेत काय आहे?'

त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. पण बुधवारी दुपारच्या फेरीनं समुद्र ओलांडून ते आले.

मोठ्या बाईंनी आम्हाला पाहुण्यांची खोली दिली. टेबलावर टिश्यूचा डबा, पाण्याचा जग, भिंतीवर मेंढ्यांचं चित्र. मुलगी सोफ्यावर बसली होती. डॉक्टर तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. मला बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, ते नाडी बघत होते.

'मी काय करू, ताई?' ते म्हणाले. 'घरी कोणी नसतं. तिला एकटीला कसं ठेवू?'

'तुम्ही असता ना?' मी म्हटलं.

ते मेंढ्यांच्या चित्राकडे बघायला लागले.

'ड्यूटी किती तासांची असते तुमची? रोज रात्रीची तर नसेल. इथल्या किती तरी मुलींचे आईबाप शिफ्टमध्ये काम करतात, त्या काही बोर्डिंगात...'

'ड्यूटीचं नाही हो,' ते म्हणाले. 'मीच नसतो घरी. मी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये खोली घेतलीय. हिची आई गेली, त्या आठवड्यात मी कुलूप लावलं. त्यानंतर एकदा गेलो होतो, अंगणातून परत आलो. फ्रिजमध्ये तिची औषधं तशीच आहेत. कपडे आहेत. मी रोज दुसऱ्यांच्या घरच्यांना सांगतो, ताई, तुमचा माणूस गेला म्हणून. मला ते दार उघडवत नाही.'

एखाद्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं असतं की वापरात नसलेली औषधं फार्मसीत नेऊन द्यावीत, घरात ठेवू नयेत. त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. मला मुलीची धास्ती वाटत होती. ज्या घरी जायचं म्हणून ही पोर महिनाभर उपाशी राहिली, त्या घरात कोणी राहतच नव्हतं, आणि हे तिला आत्ता, माझ्यासमोर कळत होतं. मला वाटलं, आता ही ओरडेल, नाही तर उठून निघून जाईल आणि उद्यापासून पुन्हा बटाटा इकडून तिकडे.

तिनं तसलं काही केलं नाही. तिनं बापाकडे बघितलं, त्याला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. मग तिनं विचारलं, किल्ली कुणाकडे आहे?

'शेजारच्या आजींकडे,' ते म्हणाले. 'पण बाळा, मला खरंच...'

'आय नो,' ती म्हणाली. तिचं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. तिनं ते सोडवून घेतलं आणि त्यांचा हात नीट आपल्या हातात धरला. 'आय विल डू द डोअर, बाबा. यू डू द फ्रिज.'